पासिंगचे टायर

शाळेच्या पोरांना नेणाऱ्या चंद्रभानच्या व्हॅनची वर्षाची पासिंग आली होती. आठवडाभर चौकशी करून त्याला बुटीबोरीच्या वाटेवर तपासणी केंद्र सापडलं, तारीखही मिळाली. पण व्हॅनचे चारही टायर पार गुळगुळीत. तो शेजारच्या संघपालकडे गेला.

"एका दिवसापुरते तुहे टायर दे गा."

संघपालची व्हॅनही त्याच बनावटीची, टायर मात्र नवेकोरे. त्यानं ते स्वतःच्या हातानं चढवून दिले. पासिंगसाठी सगळेच असं करतात, त्यात काय एवढं!

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रभान पेढे घेऊनच आला. संघपालनं आपले टायर काढून घेतले अन् त्याचे गुळगुळीत टायर पुन्हा बसवायला घेतले.

"तुहे उपकार नाही ठेवत गा," चंद्रभान म्हणाला. "सोमवारपासून तुह्या पोरीले, दीक्षाले मीच शाळेत नेऊन सोडीन."

चौथ्या चाकाचा नट आवळता आवळता संघपालचा हात थांबला.

"चंद्रभान, पण हे टायर..."

"काहून भेऊन राहिला गा? पासिंग झाली ना!"