पहिला नंबर कायम

सिनेमाची पारख ही तपश्चर्या आहे, आणि आमच्या गावाइतकी ती कोणी केली नसेल. जून सरला की राइस मिलच्या ओट्यावर सहा महिन्यांतल्या सिनेमांचे नंबर ठरतात, आणि पहिला येईल त्याचीच गाणी गणपतीत वाजतात. यंदा रीताबाईंनी भांडून एका प्रेमकथेला पहिला नंबर मिळवून दिला. सख्ख्या नवऱ्याचा, मनसारामभाऊंचा, आवडता मारधाडीचा सिनेमा त्यांनी दुसऱ्यावर ढकलला.

नागपूरहून आलेल्या भाच्याने, पवनने, कपाळावर हात मारला. "मामी, त्या पिक्चरले पहिला नंबर? निव्वळ रडारड आहे त्यात. हिरो वेडा होते, मंग दोघंही मरते!"

मनसारामभाऊंनी लगेच फेरमतदान मागितलं.

"कोण मरते?" रीताबाई कडाडल्या. "आमी पाह्यलं तवा दोघंही गच्चीवर मस्त नाचून राह्यले होते. तू काऊन मारून राह्यला त्याईले?"

"अवो मामी, अख्ख्या दुनियेनं पाह्यलं."

"तुह्या नागपुरात मरत असन, बाबू. इथी नाई मरत."

फेरमतदान झालं. मनसारामभाऊंचा एक हात सोडला तर सगळे हात रीताबाईंच्या बाजूने वर गेले.

 

तालुक्याहून आमच्या गावाला येणारी शेवटची बस सिनेमाच्या मध्यंतराला सुटते.