उजवा कान

स्पीकरमधून भजनाऐवजी मास्तर बोलू लागले.

"प्रश्न अठरावा. लहान मूल सगळ्यात आधी कशातून शिकतं? एक, मारातून. दोन, घोकंपट्टीतून. तीन, पाहून आणि ऐकून. चार, बक्षिसाच्या आशेनं. विचार करा, मी दहापर्यंत मोजतो."

चुलीपुढे सोगरे थापणाऱ्या रेवंतीचा हात बाजरीच्या पिठातच राहिला. तिच्या डाव्या कानातला आवाज एकाएकी गेला होता, आणि तोच आवाज आता बाहेरच्या बैठकीत, चहा पीत बसलेल्या सात-आठ पागोट्यांपुढे घुमत होता. काय झालं ते तिला लगेच कळलं. गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या, हडमानरामांच्या, हुकमावरून तिनंच आपला फोन त्या नव्या स्पीकरला जोडून दिला होता. आज त्यांनी बटण दाबलं आणि स्पीकरनं जुनी ओळख धरून तिचाच फोन पकडला. पलीकडे ताक घुसळत बसलेल्या सासूबाईंची रवी त्याआधीच थांबली होती.

नवरा, गोपाळ, शारजात होता. दिवाळीला त्यानं खजुरांबरोबर इअरबडची एक डबी पाठवली, बोलायला सोपं पडेल म्हणून. रेवंतीनं तिला दुसरंच काम लावलं. घुंगट हनुवटीपर्यंत ओढला की कान कुणाला दिसत नाहीत. पाच वर्षं जिचा जाच सोसला ती ओढणी अशी उपयोगाला आली. घागऱ्याच्या खिशात फोन, डाव्या कानात मास्तर. उजवा कान मात्र तिनं मोकळा ठेवला. दोन वर्षांची लाडो अंगणात खेळायची. ती पडली, रडली, पाण्याच्या टाक्याकडे वळली, तर कळायला नको? म्हणून उजवा इअरबड वाळल्या सांगरीच्या शेंगांच्या डब्यात, त्या डबीतच पडून असायचा. तरी संध्याकाळी फोनवर बघावं तर त्याचीही बॅटरी डाव्याइतकीच उतरलेली. न वापरताच. परदेशी मालाचं असंच, म्हणून तिनं नाद सोडला.

शिक्षक भरतीची परीक्षा रविवारी होती, नागौरला. आज गुरुवार. परीक्षेचं घरात माहीत होतं; कानातल्या मास्तरांचं कुणालाच नाही, असं तिला वाटे.

बाहेर हशा पिकला. "हडमानजी, तुमच्या भजनात मास्तर शिरला की." "या वयात नोकरीला लागताय का?" मास्तर मोजत चारपर्यंत पोचले तेवढ्यात हडमानरामांनी बटण दाबून त्यांना गप्प केलं. मग अंगणाच्या तोंडाशी खाकरण्याचा आवाज आला. सासरे आत येण्याआधी असेच खाकरत, आणि बायका घुंगट सारखे करत.

सुनेशी ते कधी थेट बोलले नव्हते. आजही बायकोशीच बोलले.

"गोपाळची आई, बींदणीला सांग, फोन काढून दे म्हणावं. गोपाळ येईपर्यंत माझ्यापाशी राहील. आणि रविवारी कुठं जायचं नाही."

रिवाज असा होता की सुनेनं उत्तर सासूच्या कानात सांगायचं आणि सासूनं ते सासऱ्यांना. अलीकडे सासूबाई नेहमी डावा कानच पुढे करत. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू येऊ लागलं असावं, असं रेवंतीला वाटे. आजही त्यांनी मान वळवून डावा कान पुढे केला.

रेवंती उठली. पिठाचे हात ओढणीला पुसले. लाडो येऊन तिच्या घागऱ्याला बिलगली होती, तिला उचलून कडेवर घेतलं. सासूच्या कानाशी ती गेली नाही.

"फोन मिळणार नाही, बापूजी. आणि रविवारी मी नागौरला जाणार आहे."

पाच वर्षांत सुनेचा आवाज हडमानरामांच्या कानावर पहिल्यांदाच पडला होता. ते पुन्हा बायकोकडेच वळले.

"पाहिलंस? जीभ फुटली. अगं, चुलीपुढे बसून कुणी मास्तरीण झालंय का? कानात बोळा घालून, नुसतं ऐकून ऐकून कुणाच्या डोक्यात काही शिरतं होय? सांग की तिला. तूही जन्मभर ऐकतच आलीस, आणि आहेस अजून अंगठेबहाद्दरच."

सासूबाईंनी रवी मडक्याला टेकवून ठेवली. हात धुतले. घाई नव्हती त्यांना.

"तीन," त्या म्हणाल्या.

"काय तीन?"

"अठराव्याचं उत्तर. पाहून आणि ऐकून."

आणि त्यांनी उजव्या बाजूची ओढणी कानामागे सारली. कानात शेंगदाण्याएवढा पांढरा इअरबड होता.

"बींदणी," नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "सतरावा परत लाव. रवीच्या आवाजात माझा निसटला. आणि आता स्पीकरवरच लाव."