म्हाताऱ्याचं उपरणं

पेंढ्याचा म्हातारा खुर्चीत बसवला आणि होळी नावाच्या गावातली अख्खी गल्ली पोट धरून हसली. दरवर्षी एकतीस डिसेंबरला सरत्या वर्षाचा म्हातारा जाळायचा, पण यंदा त्याच्या हातात पतंग होता, डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं आणि गळ्यात पाटी : ‘पतंगमंत्री’.

साहेबांनी, म्हणजे इथल्या मंत्र्यांनी, माणिकपूरच्या सभेत सांगितलंच होतं तसं. शत्रूचे ड्रोन आले तर घाबरायचं नाही, घरोघरी पतंग चढवायचे, मांजात अडकून धपाधप खाली पडतील.

“आणि रणगाडा आला तर?” मटिल्डा मावशी ओट्यावरून ओरडली. वयाने गल्लीत सगळ्यांत मोठी ती, आणि तोंडाने त्याहून मोठी.

“केळीची सालं टाकू!”

“तुझ्या नवऱ्याला आडवा टाकू मावशी, रणगाडाच अडेल!”

फेलिशियासुद्धा हसली, पण बेताने. तिच्या कडेवर बाळ होतं. युद्धाच्या भीतीने भोंगा वाजवून दिवे घालवायची तालीम झाली तेव्हा ते पोटात होतं, आणि त्या अंधारात ती दोन्ही हात पोटावर धरून जिन्याखाली बसली होती. तेव्हा या गल्लीत कुणी हसलं नव्हतं. म्हणून आताचं हसू तिला नकोसं नव्हतं. फक्त ती पाटी तिच्या नवऱ्याने, क्लेटनने लिहिली होती, आणि क्लेटन अनुदानित शाळेत मास्तर होता. गेल्याच महिन्यात त्याच्या ओळखीच्या एका मास्तरांनी साहेबांवरचा विनोद मोबाईलवरून पुढे पाठवला, तर त्यांची चौकशी लागली होती.

तेवढ्यात मोटरसायकल थांबली. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. माणूस अनोळखी होता. त्याने म्हाताऱ्याभोवती एक फेरी मारली, पातेल्यावर टिचकी मारली आणि तोही हसला.

“मी शत्रुघ्न. फुलपाड्याहून आलो. झकास बनवलाय! कोणी केला?”

म्हातारा कुणी केला हे बाहेरच्याला सांगायचं नाही, ही इथली जुनी रीत.

“गल्लीने केला,” मटिल्डा मावशी म्हणाली. “वर्ष सगळ्यांचं, तसा म्हातारा सगळ्यांचा.”

“बरोबर, बरोबर.” त्याने पाटीवर बोट फिरवलं. “अक्षर मात्र एकाचंच दिसतंय. सुंदर आहे. मास्तरांचं वाटतं.”

क्लेटन दाढी खाजवत आकाशकंदिलाकडे बघत राहिला. फेलिशियाने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

शत्रुघ्नने डिकीतून एक उपरणं काढलं. कोरं, जरीकाठी, दोन्ही टोकांना साहेबांचा हसरा चेहरा छापलेला. त्याने ते म्हाताऱ्याच्या गळ्यात नीट घातलं. “याच्याशिवाय साहेब शोभतात का? आता जाळा. किती वाजता जाळताय?”

“चर्चमधल्या मिस्सेच्या आधी,” क्लेटनच्या तोंडून गेलं. “सातला.”

“येतो मग. व्हिडिओ काढायला.”

मोटरसायकल वळली तसा क्लेटन खुलला. “बघितलंस? आपलाच माणूस निघाला. त्यांच्यातलेही कंटाळलेत गं साहेबांना.”

“आपला माणूस पहिल्यांदा चहा मागतो,” फेलिशिया म्हणाली. “याने अक्षर बघितलं.”

“तुला जिथे तिथे काळंबेरं दिसतं.”

“पेंढा जाळला तर गंमत, क्लेटन. साहेबांचा चेहरा जाळला तर काय? आणि तो जळतानाचा व्हिडिओ त्याच्या हातात.”

क्लेटनचा हात म्हाताऱ्याच्या गळ्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. “काढून फेकू?”

“फेकलं की पायदळी तुडवलं म्हणतील.”

“मग घरात ठेवू.”

“चोरलं म्हणतील.”

क्लेटन बाजूच्या पायरीवर बसला. बाळाने तेवढ्यात उपरण्याचं टोक पकडलं आणि सरळ तोंडात घातलं. फेलिशिया ते सोडवायला वाकली आणि सोडवता सोडवता थांबली.

सातला शत्रुघ्न आला तो एकटा नव्हता. मागे आणखी दोघं होते, हसत नसलेले. म्हातारा पेटलेला होता. आधी पतंग गेला, मग पेंढा फडफडत उठला. पाटीची तर केव्हाच राख झाली होती. पातेलं ठणकन खाली पडलं तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शत्रुघ्नचा मोबाईल ज्वाळेवरून वर-खाली फिरला आणि थांबला. “उपरणं कुठाय?”

“हे काय, इथे.” फेलिशिया पुढे आली. बाळ उपरण्यात मानेपर्यंत गुंडाळलेलं होतं, साहेबांचा चेहरा नेमका त्याच्या हनुवटीखाली. “म्हाताऱ्याला कसली आलीय थंडी? तो जळायचाच होता. म्हटलं, साहेबांनी एवढी माया पाठवलीय, तर पोराला ऊब मिळू दे. शुभ असतं ना?”

मागचे दोघं एकमेकांकडे बघू लागले.

“काढा ना दादा व्हिडिओ,” ती म्हणाली. “साहेबांना दाखवा.”

शत्रुघ्नने मोबाईल उचलला. सगळी गल्ली आता त्याच्याकडे बघत होती, आगीकडे कुणीच नाही. बाळ मोबाईलच्या उजेडाकडे बघून खुदकन हसलं, त्याला एक ढेकर आली, आणि मघाचं सगळं दूध साहेबांच्या हसऱ्या तोंडावरून ओघळत खाली आलं.

फेलिशियाने ते पुसलं नाही.