एकाच नावाच्या चौघी

त्या बाईच्या पत्राला उत्तर दिलं नाही, याला एकतीस वर्षं झाली होती. कारकुनांनी पत्र टाकून मात्र दिलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी ते घरी आणलं आणि पुस्तकांच्या कपाटात, कोशांच्या मागे ठेवलं.

पत्र लहानच होतं. ‘मी परिचारिका आहे. माझी कधीही चौकशी झालेली नाही, तरी माझ्या नोंदीवर नाव कमी केल्याचा आदेश लागला आहे. माझ्या नावाच्या आणखी कोणी असतील. कृपया एकदा पाहावे.’

परवा परिचारिकांच्या नोंदणी कार्यालयातून फोन आला. कारकुनांच्या जुन्या टेबलावर आता जो गृहस्थ बसे, त्याला सगळे ‘पाचवाजे’ म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं. घरी जायची त्याची वेळ होती. त्यानं सांगितलं, की ती बाई याही वर्षी चौकशीला येऊन गेली. दर वर्षी येते. या खेपेला काठी होती हातात. म्हणाली, पुढच्या वर्षी येणं होईलसं वाटत नाही. मरायच्या आत नावावरचा डाग पुसला गेला असता तर बरं झालं असतं.

“तेव्हा टेबलावर तुम्हीच होता ना, काका? जरा येऊन बघता का?”

कारकून गेले. पाचवाजेनं चार फायली पुढ्यात मांडल्या आणि म्हणाला, एका नावाच्या चौघी, आईबापांना दुसरं नाव सुचतच नव्हतं की काय. नोंदवहीत नाव माहेरचं असे. लग्नानंतर ते बदलून घ्यायचा अर्ज क्वचितच कोणी करी.

पहिली परदेशी गेली होती. दुसरी एका शाळेत परिचारिका होती, ती वारली. तिसरी ही पत्र लिहिणारी. शस्त्रक्रिया विभागात नऊ वर्षं काम, मग आदेश, आणि पुढं कोरी पानं. नोंदणी गेल्यावर त्याच रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी मोजायला ठेवली होती तिला, असं पाचवाजेनं ऐकलं होतं. चौथीची फाईल सर्वांत जाड. दर पाच वर्षांनी वेळेवर नूतनीकरण, दोन प्रशस्तिपत्रं, विभागप्रमुख होऊन निवृत्त.

“ही बघा,” पाचवाजे म्हणाला. “धुतल्या तांदळासारखी. नाहीतर ही आपली तिसरी.”

कारकुनांनी आदेश हातात घेतला. औषध देताना निष्काळजीपणा, रुग्ण दगावला, सबब नाव कमी करावे. खाली तारीख.

“यावर नोंदणी क्रमांक कसा नाही?” पाचवाजेनं विचारलं.

तेव्हा नसायचा, असं कारकुनांनी सांगितलं. नाव आणि तारीख, बस. बदनामी नको म्हणून रुग्णालयाचं नावसुद्धा घालत नसत. चौकशीचे कागद बघून आदेश कोणत्या फायलीत लावायचा, ते टेबलावरच्या माणसानं ठरवायचं. आणि चौकशीचे कागद दहा वर्षांनी जाळून टाकायचे.

“म्हणजे टेबलावरचा माणूस चुकला की बाई कामातून गेलीच म्हणा,” पाचवाजे म्हणाला. मग टेबलावर कोण होतं ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो खणात काहीतरी शोधू लागला.

घरी बायको वाट बघत होती. चेहरा बघून तिनं त्यांचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे जरा वेळ पाहिलं, आणि काय झालं ते विचारलं. कारकुनांनी सांगितलं. नाव सांगितलं नाही; एक बाई, एक कागद, भलतीच फाईल, एवढंच.

मग तिनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. पुस्तकातल्या माणसांसाठी डोळे पुसता, आणि जिवंत बाई एकतीस वर्षं दारात उभी आहे, तिला एक ओळ लिहवत नाही? मुखदुर्बळपणालाही काही सुमार असतो.

“उत्तर दिलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं,” कारकून म्हणाले.

“मग सांगा की. आता कुठं नोकरी जायची आहे?”

कारकुनांनी चष्मा काढून पुसला.

“आणि जिचा तो आदेश होता, ती?” तिनं विचारलं.

“ती सुटली.”

“असं कुणी सुटत नसतं हो.” ती टेबलावरचा पसारा आवरू लागली. “तिचं ती बघेल. तुम्ही हिला लिहा. आज लिहा.”

कारकून लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात क्षमायाचना फार झाली. दुसऱ्यात कारणं फार झाली. तिसऱ्यातलं एक क्रियापद त्यांनी चारदा बदललं आणि कागदच फाडला. असल्या गोष्टीला चांगलं मराठी कशाला हवं, असं वाटून त्यांना स्वतःची किळस आली. दुपार उलटली तेव्हा सरळ साध्या चार-पाच ओळी उतरल्या. पाकिटावर त्यांनी बाईचं सासरचं नाव आणि पत्ता घातला.

चपला घालायला ते उठले तर बायकोनं पाकीट काढून घेतलं. घरचं टपाल तीच टाकत असे.

“तुम्ही पेटीपर्यंत जाल आणि परत घेऊन याल,” ती म्हणाली. “ओळखते मी तुम्हाला.”

त्यांनी दिलं. खिडकीतून ती रस्ता ओलांडताना दिसली. तिनं पाकीट पेटीत सरकवलं, आत पडलं की नाही ते वाकून पाहिलं, आणि वर खिडकीकडे बघून हात केला. कारकुनांनीही केला.

पत्रात लिहिलं होतं: ‘आपली चौकशी कधीच झाली नव्हती. तो आदेश मी चुकून नव्हे, समजूनउमजून आपल्या फायलीत लावला. तो जिचा होता, तिच्याशी माझं लग्न ठरलं होतं. चौकशीत काही निघालं नाही, असं मी तिला सांगितलं, आणि ती आजही तसंच समजते. हे पत्र आपल्या हाती पडलं, तर ते तिनंच पेटीत टाकलं असं समजावं.’