डावा आरसा

धाडकन दार उघडलं, ती दचकली आणि चिमट्यातला आरसा उडाला.

"अगं, उठली ही," म्हणत सासूबाई आत आल्या आणि सवयीने चिमीला खाली सोडून मोकळ्या झाल्या. दहा महिन्यांची चिमी. जमीन लागायचा अवकाश, निघालीच रांगत.

"आई, उचला तिला! खाली नका सोडू!"

"का गं? काय झालं?"

"आरसा पडलाय."

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "आहे की जागेवर."

"गाडीचा, आई. गाडीचा!"

गाडी टेबलावर उभी होती, सुटे तुकडे जोडून केलेली, वीतभर लांबीची, लालभडक. रंगाचे सात हात, प्रत्येक हातानंतर ओल्या पॉलिशपेपरने घासलेले. उजवा आरसा सकाळीच बसला होता. डावा तेवढा राहिला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. एकशे बारा तुकड्यांतला शेवटचा. चिमी पोटात असताना हाती घेतलेली गाडी. चिमी जन्मली, पालथी पडली, रांगायला लागली, गाडी आपली जागच्या जागी. "एवढ्या दिवसांत माणूस खरी गाडी शिकून लायसन्स काढतो," असं सासूबाई आल्यागेल्याला हसत सांगायच्या. नवरा हसायचा नाही. त्याने एकदाच बजावलं होतं, "जमिनीवर एक तुकडा जरी सापडला ना, तर सगळा पसारा माळ्यावर." आणि तिने मान डोलावली होती. आई म्हणून तिलाही ते पटलंच होतं.

पडल्याचा टिक् असा आवाजसुद्धा झाला नव्हता. ती खुर्चीवरून उतरून गुडघ्यांवर आली. गुडघा उचलायची भीती, न उचलायचीही भीती.

चिमी टेबलाच्या पायापाशी थांबली. दोन बोटांनी तिने काहीतरी टिपलं, तोंडात टाकलं आणि चघळायला लागली.

ती झेपावलीच. गाल दाबून तिने आत बोट घातलं. "दे! दे माझा आरसा!" नवे दोन दात बोटात रुतले. बाहेर आला तो कागदाचा ओला बोळा. चिमीने भोकाड पसरलं.

"झालं, निघालं की," सासूबाईंनी चिमीला कडेवर घेतलं.

"हा कागद आहे. त्याच्या आधी काही गिळलं असेल तर?"

"गिळलं असतं तर ठसका लागला असता."

"नेहमी लागतोच असं नाही, आई. मी वाचलंय."

"तुझं वाचन राहू दे. शोध आधी."

तिने पडदे ओढले. कपाटातला टॉर्च आणून फरशीवर आडवा ठेवला. एवढासा तुकडासुद्धा अशा उजेडात बोटभर सावली टाकतो. या छंदातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती. आणि सावल्या पडल्या. किती तरी पडल्या. केसांची पिन. बिस्किटाचा चुरा. प्लास्टिकच्या टोकदार कपच्या, एक नाही, तीन. रोज टेबलापासून उठताना ती ओल्या फडक्याने खोली पुसायची, दोनदा पुसायची. तरी तीन.

त्या तिन्ही तिने मुठीत घेतल्या आणि सासूबाईंनी पाहिलं का ते पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं होतं.

आरसा नव्हता. टेबलाखाली नाही, खुर्चीच्या खाचेत नाही, पडद्याच्या दुमडीत नाही.

"मग गेला कुठे?" ती म्हणाली, आणि दोघींनी एकदमच चिमीकडे पाहिलं. चिमी रडायची थांबली होती आणि भिंतीवरच्या सावल्यांना हात दाखवत होती.

"ह्यांना फोन करते. डॉक्टरांकडे न्यायला हवं." तिचा आवाज चिरकला. "माझीच अक्कल शेण खायला गेली. एक टिचभर तुकडा सांभाळता येत नाही मला!"

सासूबाईंनी वाकून टॉर्च उचलला. "थांब. हात वर कर बघू. तो नाही, डावा."

कोपरापाशी, बाहीवर काहीतरी चमकलं. आरशाच्या दांडीला गोंद लावलेला होता. उडाला तो थेट तिलाच येऊन चिकटला होता. घरभर शोधताना ती त्याला अंगावर घेऊनच फिरत होती.

तिने तो सोडवला. गोंद वरपर्यंत पसरला होता, चांदी पांढुरकी पडली होती. ती फरशीवरच बसली, सासूबाईंच्या कडेवरून चिमीला ओढून घेतलं आणि इतकं घट्ट धरलं की चिमी कुरकुरली.

"आई, ह्यांना..."

"नाही सांगत." सासूबाईंनी पडदे बाजूला सारले. "ते तीन तुकडेपण नाही सांगत. पण एक विचारू? मघाशी हिच्या तोंडात बोट घातलंस, तेव्हा काय म्हणालीस आठवतंय?"

"काय म्हणाले?"

"दे माझा आरसा."

टोमणा नव्हता त्यात. किराणा आणायला निघालेल्या माणसाला राहिलेली वस्तू सांगावी, तसं त्या म्हणाल्या होत्या.

"आई, मी तसं... मला तसं म्हणायचं..."

"ते पण नाही सांगणार कुणाला." त्यांनी वाकून तिच्या मिठीतून चिमीला सोडवून घेतलं. "संपव आता तेवढं." बाहेर जाताना त्यांनी दार अगदी हलकेच लावलं.

तिने हात धुतले. चिमट्यात आरसा धरला, गोंदाचा नवा थेंब लावला आणि शंभर आकडे मोजेपर्यंत तो गाडीच्या दारावर दाबून धरला. बसला. गाडी पूर्ण झाली.

मग एक डोळा मिटून ती टेबलाशी वाकली. उजव्या आरशात तिच्या पाठीमागचं बंद दार दिसत होतं, कडीसकट. डाव्यात काहीच दिसत नव्हतं. तिने फुंकर मारली, पदराच्या टोकाने पुसलं आणि पुन्हा वाकून पाहिलं.