मंगळवार, दहा ते सव्वादहा

"पाचव्यांदा नामंजूर." परवाना कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी कागद पुढे सरकवला. "काका, तुम्ही दमत कसे नाही हो?"

घड्याळजींनी चष्मा पुसला, कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात गेली होती. घाई त्यांना माहीत नव्हती आणि माघार तर त्याहून नाही.

"या वेळी काय चुकलं?"

"उंची. तुम्ही साठ मीटर मागितलीत. विमानतळाच्या कुंपणाला इतकं खेटून ड्रोन उडवायचा, तर तीसच्या वर मिळणार नाही. तीससुद्धा नशीब समजा."

"मग तीस लिहितो. की वीस लिहू?"

बाईंना हसू आलं. बाकीचे अर्जदार एकेका मीटरसाठी हुज्जत घालायचे. हे गृहस्थ उलटी घासाघीस करत होते.

"पण एवढा अट्टहास कशाला? नदीकाठचं मैदान आहे की. तिथे मोबाइलवर बटण दाबलं की दोन मिनिटांत परवानगी. विमानतळाच्या टॉवरला फोन नको, काही नको."

"नदीकाठी माझं घर नाही ना, बाई."

घर खरं तर आता त्यांचं नव्हतंच. विकून सहा वर्षं झाली होती. पण त्याच्या गच्चीवर मुलीनं लहानपणी पांढऱ्या रंगानं भलंमोठं विमान काढलं होतं. वरून जाणाऱ्या वैमानिकांना दिसावं म्हणून! रंगाचा अख्खा डबा संपवला होता आणि त्यापायी धपाटेही खाल्ले होते. नवा मालक गच्चीला कुलूप लावून परगावी राहायला गेला होता. ते विमान अजून आहे की पुसलं गेलं, एवढं वरून बघायचंय, असं घड्याळजींनी अर्जातल्या 'उद्देश' या रकान्यात लिहिलं होतं.

"मुलीलाच विचारा की. तिच्याकडे एखादा फोटो असेल."

"ती बोलत नाही माझ्याशी. शिकायला बाहेर जायचं म्हणाली. मी म्हणालो, गेलीस तर पुन्हा या घरी फोन करू नकोस." त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. "माझीच पोर. शब्दाची पक्की निघाली. नऊ वर्षं झाली. मी केला तरी उचलत नाही. खुशाली कळते ती तिच्या मावशीकडून. फार आठवण येते हो."

बाईंनी कोरा अर्ज काढला आणि स्वतःच भरायला घेतला.

"वार?"

"मंगळवार. सकाळी दहा."

"रविवार घ्या. विमानं कमी असतात, लवकर मंजूर होईल."

"मंगळवारच बरा."

"धन्य आहे तुमची! बरं, ड्रोनचा फोटो द्या." बाईंनी फोटो उलटसुलट करून पाहिला. "याचे पंखे कुठे गेले?"

"काढून ठेवलेत. नेता-आणताना मोडतात."

"आता नीट ऐका. उडवण्याआधी टॉवरला फोन करायचा. तो फोन वाजला की त्यांना उचलावाच लागतो. ते उंची आणि वेळ सांगतील, ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. चुकलात तर पुन्हा सांगतील. ड्रोन उतरला की परत फोन. आणि सगळं रेकॉर्ड होतं, तेव्हा इकडचं तिकडचं बोलायचं नाही. तुमचा परवाना जाईल आणि बोलणाऱ्यालाही मेमो मिळेल."

"नाही बोलणार," घड्याळजी शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

अठराव्या दिवशी परवानगी आली. मंगळवारी त्यांनी गुळगुळीत दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. ड्रोन उडवायला कुणी एवढं नटत नाही, पण म्हातारा पहिल्यापासून टापटिपीचा.

जुन्या घरामागच्या माळावर त्यांनी घडीचं स्टूल मांडलं. खोक्यातून ड्रोन काढून समोर रुमालावर ठेवला. कुंपणापलीकडे धावपट्टी होती आणि तिच्या टोकाला टॉवरच्या हिरव्या काचा चमकत होत्या. मनगटावर दहा वाजले तसा त्यांनी फोन लावला.

"टॉवर." बाईचा आवाज होता. "परवाना क्रमांक आणि नाव सांगा."

त्यांनी क्रमांक सांगितला, नाव सांगितलं. पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"उंची तीस मीटर. वेळ दहा ते सव्वादहा. परत म्हणा."

"उंची वीस मीटर..."

"तीस. तीस मीटर. दहा ते सव्वादहा."

"तीस मीटर. दहा ते साडेदहा."

"सव्वादहा." आवाजात राग नव्हता. "उंची तीस मीटर, दहा ते सव्वादहा."

तिसऱ्या खेपेला जमलं. जन्मभर लोकांना वेळ लावून देणाऱ्या माणसाची ही तऱ्हा!

"बरोबर. परवानगी आहे," आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

पुढची पंधरा मिनिटं कशी गेली ते घड्याळजींना कळलंच नाही. एक विमान उतरलं, दुसरं गेलं. वारा होता, डोळ्यांना पाणी येत होतं. सव्वादहाला, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही, त्यांनी पुन्हा फोन लावला.

"टॉवर."

"उतरवला," ते म्हणाले.

"काही अडचण आली?"

"नाही. छान झालं सगळं."

"नोंद केली."

एवढ्यावर फोन बंद व्हायला हवा होता. झाला नाही. घड्याळजींनीही तो कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"बाबा," ती म्हणाली, "पुढच्या मंगळवारी त्याला पंखे तरी लावून आणा. दुर्बिणीतून सगळं दिसतं मला इथून."