औषधाचं नाव

“मशीन ज्यानं धुता, त्याला काय म्हणतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“औषध,” कॉटवरून तिचा नवरा म्हणाला. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. “आम्ही सगळे औषधच म्हणतो.”

“पण त्याचं खरं नाव काय? कुणीतरी नाव आणा. लिव्हर कशानं बिघडलं ते कळल्याशिवाय मी नुसता अंधारात चाचपडतोय,” डॉक्टर तिच्याकडे वळून म्हणाले.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेबलं छापायच्या कारखान्यात गेली. नवरा तिथं एकोणीस वर्षं मशीनवर होता, पण तिनं आत पाऊल टाकलं ते पहिल्यांदाच. दारातच तिचं डोकं गरगरलं. गोडसर, घशात उतरणारा वास. खिडक्या बंद, कारण ओल्या लेबलांवर धूळ बसते. पंखा नाही, कारण कागद फडफडतो. हाच वास तो रोज शर्टात घेऊन घरी यायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला तो आवडायचासुद्धा.

मालक खुर्चीवरून उठले. “या वहिनी, बसा. कसा आहे आमचा मास्तर? नुसत्या नजरेनं रंग जुळवायचा हो. असा कारागीर पुन्हा मिळणं नाही.”

“डॉक्टरांना त्या औषधाचं नाव हवंय.”

मालक तिला मागच्या खोलीत घेऊन गेले. भिंतीला लागून पाच-सहा निळे कॅन होते. एकावरही चिठ्ठी नव्हती. जिथं असायला हवी तिथं खरवडल्याच्या खुणा.

“असेच येतात,” मालक ओशाळून म्हणाले. “लेबलांचा कारखाना आणि आमच्याच कॅनला लेबल नाही. दिव्याखाली अंधार.”

तिच्यासमोरच त्यांनी माल पाठवणाऱ्याला फोन लावला.

“नाव कशाला पाहिजे?” पलीकडचा म्हणाला. “शाई निघतेय ना? चौकश्याच करायच्या असतील तर दुसरीकडून घ्या.”

“तसं नाही हो,” मालक घाईघाईनं म्हणाले. “येऊ दे, नेहमीसारखा माल येऊ दे.” फोन ठेवून त्यांनी तिला हात जोडले. ते खरंच कानकोंडे झाले होते.

ती निघाली. वाटेत नवऱ्याचं मशीन लागलं. कुणीतरी त्यावर वाकून चिंधीनं रोलर पुसत होतं. पाठ ओळखीची वाटली म्हणून ती थांबली.

“भाऊजी?”

दीर दचकून वळला. गोदामात काम मिळालंय, असं त्यानं आठवड्यापूर्वी घरी सांगितलं होतं.

“दादाला सांगू नका, वहिनी,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “दुसरा कुणी लागला असता तर त्याची जागा गेली असती. तो बरा झाला की मी बाजूला होतो.”

“निदान हातमोजे तरी घाला हो.”

“घातले होते की.” त्यानं मशीनखालून जोडी काढून दाखवली. बोटांची टोकं विरघळून गेली होती. “तासभरसुद्धा टिकत नाहीत.”

तिनं त्याचं मनगट धरलं. हात ओला होता, बर्फासारखा गार. तसंच ओढत त्याला बाहेर न्यावं, असं तिच्या मनात आलं. मग घर आठवलं, घरातली माणसं आठवली आणि तिची पकड सुटली.

“डबा खाल्ला का?” तिनं विचारलं.

दुपारी ती नवऱ्याजवळ बसली. “नाव मिळालं नाही,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. त्याला त्याची फारशी फिकीर नसावी. छताकडे पाहतच त्यानं विचारलं,

“माझ्या मशीनवर कोण आहे?”

“कुणी नाही. बंद ठेवलंय.”

“बंद?” तो कोपरावर जोर देऊन उठायला धडपडला. दम लागला तरी थांबेना. “अगं, रोलरवर शाई वाळून दगड होईल! उद्याच्या उद्या जाऊन सांग त्यांना. कुणालातरी उभं करा म्हणावं. रोज धुवायला पाहिजे, एक दिवस चुकवून चालत नाही.”

“सांगते,” ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीखालची उशी नीट केली.